एका लेखनव्रताचं उद्यापन

आमच्याकडे अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. कणकेच्या उंड्यात पुरण भरून वाफवलं की त्याचे धोंडे होतात, आणि ते जावयाला खायला घालायचे असतात. पचले तर पुण्य सासूला, नाही पचले तर रात्र जावयाला. हा महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एकदा येतो. ज्यांनी ही व्यवस्था लावून दिली त्यांनी जावयाच्या पोटाचा विचार केला असावा.

त्यातून आमचा माजलगाव तालुका म्हणजे अधिक महिन्याचं हेडऑफिस. गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरीला पुरुषोत्तमाचं यादवांच्या वेळचं देऊळ आहे, आणि अधिक महिना हा पुरुषोत्तमाचा महिना. तेव्हा महिनाभर तिकडे जत्रा. एरवी ज्या एस.टी.त ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक शेळी एवढीच मंडळी दिसतात, तिच्यात या महिन्यात उभं राहायला एक पाय पुरेसा ठरतो, कारण दुसरा ठेवायला जागाच नसते.

२०२३ साली अधिक श्रावण आला. १८ जुलै ते १६ ऑगस्ट, मोजून तीस दिवस. घरात प्रत्येकाने नेम धरला. आईने मौनाने जेवायचा नेम धरला. बायकोने रोज तेहतीस वाती वळायचा धरला. मुलीने मोबाइलला हात न लावण्याचा धरला, तो पहिल्या दिवशी नाश्त्यापर्यंत टिकला. राहिलो मी.

"तुम्ही काय सोडणार?" बायकोने विचारलं.

आता बँकेतल्या कारकुनाकडे सोडण्यासारखं काय असतं? विडी-सिगारेट नाही. चहा सोडला तर शाखेचं कामकाज ठप्प. पगारवाढ सोडावी म्हटलं तर ती आधी धरावी लागते. मी विचार करत असतानाच पुण्याचा भाचा, जो आमच्याकडचे धोंडे आपल्यालाही लागू आहेत असं समजून आला होता, म्हणाला, "मामा, सोडू नका, धरा. रोज एक पान लिहा. तीस दिवस. एकही खाडा नाही."

त्याने मग अमेरिकेतली हकिगत सांगितली. तिकडे म्हणे १९९९ साली एकवीस माणसांनी ठरवलं की एका महिन्यात कादंबरी लिहून काढायची. पुढे त्याचं मोठं प्रस्थ झालं. नोव्हेंबर महिना, पन्नास हजार शब्द, जगभर लाखो माणसं. मी लगेच भागाकार केला. दिवसाला सोळाशे सदुसष्ट शब्द. आमच्या मॅनेजरसाहेबांची सकाळची मीटिंग एवढ्याच शब्दांत होते आणि तिच्यातूनही काही निष्पन्न होत नाही, त्यामुळे मला हे शक्य कोटीतलं वाटलं. (त्या अमेरिकन संस्थेने २०२५ मध्ये गाशा गुंडाळला. पण तेव्हा २०२३ होतं आणि सल्ला फुकट होता.)

बँकेची एक डायरी कोरी पडून होती. आमच्या घरी बँकेच्या डायऱ्या नेहमीच कोऱ्या असतात, फक्त मागच्या पानावर दुधाचा हिशेब असतो. रात्री जेवणं झाली की मी लिहायला बसायचो आणि लिहून झालं की वाचून दाखवायचो. श्रोते तीन. त्यांतलं एक वाती वळत असायचं, दुसरं मोबाइलमध्ये असायचं आणि तिसरं, म्हणजे आई, जेवतानाचं मौन संपल्यामुळे बोलायला मोकळी असायची.

पहिला आठवडा झकास गेला. व्रत या विषयावर एक पान, पेन या विषयावर एक, सासूबाईंच्या धोंड्यांवर एक (हे जाहीर वाचनातून वगळण्यात आलं), कॅशियरच्या चष्म्यावर एक. त्याच जुलैत सरकारने एक रुपयात पीकविमा काढला होता. केंद्राकेंद्रावर शेतकऱ्यांच्या रांगा, सर्व्हर पडलेला, मुदत ३१ जुलैची ३ ऑगस्टवर गेली. मी त्या रांगा रोज बघत होतो. मी काय लिहिलं? "एक रुपयाचं नाणं : एक चिंतन." त्या नाण्याची लहानपणी किती पेरूंशी अदलाबदल होत असे, वगैरे. ती योजना २०२५ मध्ये बंद झाली. माझं चिंतन डायरीत अजून आहे.

आठव्या दिवशी मात्र आमच्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर ओपनिंग स्टॉक संपला. खरेदी शून्य आणि विक्री चालू. असं दुकान एकच इसम चालवू शकतो, आणि तो म्हणजे दिवाळं काढायचं आधीच ठरवलेला इसम. मी चालवलं. बाविसाव्या दिवशी मी छत्रीवर लिहिलं. तो ऑगस्ट कसा होता आठवतंय? १९०१ पासूनच्या नोंदींत देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. बाहेर सोयाबीन माना टाकत होतं, काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस आधी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे बघत होता, आणि दोन्हीकडून त्याला सारखंच मिळत होतं. घरी येऊन मी लिहिलं : "छत्री विसरण्याची कला." छान जमलंय, असं भाच्याने फोनवर सांगितलं.

इथे मला भांडायचं आहे. भाच्याशी नाही, तो पुण्याचा आहे आणि त्याच्याशी भांडून कोणाचं भलं झालेलं नाही. मला भांडायचं आहे त्या मंडळींशी, जी ऊठसूट सांगत सुटतात की रोज लिहा म्हणजे लेखक व्हाल. रोज पळा, रोज लवकर उठा, रोज कोमट पाणी प्या, रोज लिहा. यांच्या लेखी लेखन ही पोट साफ होण्याच्या जवळपासची गोष्ट आहे. नेमाने झाली की मिटलं.

यांचा पहिला आधार म्हणजे एकवीस दिवस. एकवीस दिवसांत कुठलीही सवय अंगी बाणते असं ते ठणकावून सांगतात. हा एकवीसचा आकडा कुठून आला ते मी शोधलं. माल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन शल्यविशारदाने १९६० साली एका पुस्तकात लिहून ठेवलं की नवं नाक बसवल्यावर माणसाला आरशातल्या स्वतःची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात. बस्स. नाकाचं होतं ते लेखनाला लावलं. बरं, 'निदान' हा शब्द वाटेत गळला. पुढे लंडनमधल्या संशोधकांनी २००९ साली माणसं तपासून पाहिली, तर सवय लागायला सरासरी सहासष्ट दिवस लागले. कोणाला अठरा, कोणाला अडीचशेच्या वर. म्हणजे धोंड्याचा महिना दुप्पट करूनही सहा दिवस कमीच. आणि समजा लागली सवय, तर कशाची लागली? मला लिहायची नाही लागली. मला पान भरायची लागली. या दोहोंत काय फरक आहे ते बँकेतल्या माणसाइतकं कोणाला कळणार?

आठवा २०१४ चा ऑगस्ट. जनधन खाती. २३ ते २९ ऑगस्ट या एका आठवड्यात देशभरात एक कोटी ऐंशी लाखांवर खाती उघडली गेली, गिनीज बुकात नोंद झाली. आम्ही त्या आठवड्यात जेवणाचा डबा उभ्याने खाल्ला. खाती चांगलीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग वरून विचारणा सुरू झाली की इतकी खाती शून्य शिलकीची कशी? आणि २०१६ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रात सविस्तर छापून आलं की ठिकठिकाणी बँकांच्या लोकांनीच अशा खात्यांत एकेक रुपया टाकला. शून्य गेलं, आकडा सुधारला, गरीब होता तिथेच राहिला. आमच्या शाखेत तेव्हा काय झालं हे विचारू नका, मला अजून चौदा-पंधरा वर्षं नोकरी करायची आहे.

तर माझी ती तीस पानं म्हणजे एक रुपया शिलकीची तीस खाती होती. तारीख आहे, नोंद आहे, खाडा नाही, आणि आत बघाल तर रुपया.

दुसरा आधार ही मंडळी देतात तो आमच्याच जिल्ह्यातला असल्यामुळे जास्त झोंबतो. अंबाजोगाईचे दासोपंत. सोळाव्या शतकातला हा माणूस इतकं लिहायचा की त्याला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असं सांगतात. गीतार्णवाच्याच म्हणे सव्वा लाख ओव्या. "बघा, रोज लिहायचे!" असं आमचे हेडकॅशियर मला म्हणाले. यांनी दासोपंतांची एक ओवी वाचलेली नाही, पण शाईचा खर्च त्यांच्या लक्षात राहिला, कारण तो व्हाउचरवर दाखवता येतो.

अहो, पण दासोपंतांना विसाव्या दिवशी छत्रीवर लिहावं लागलं नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं की कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी पंचीकरण चक्क कापडावर लिहिलं. चाळीसेक फूट लांब, चारेक फूट रुंद पासोडी. अजून अंबाजोगाईला आहे. रोज शाई लागायची ती लिहायचं होतं म्हणून. शाई आणली आहे तेव्हा आता लिहिलं पाहिजे, असा तो प्रकार नव्हता. आणि आमच्या पुरुषोत्तमपुरीला ताम्रपट सापडला आहे, शके १२३२ चा, म्हणजे १३१० सालचा. रामचंद्रदेव यादवाने आपल्या पुरुषोत्तम नावाच्या प्रधानाला गावं दिली, त्याचा लेख. एकदाच लिहिला, पण त्याने गावं इकडची तिकडे झाली. ताम्रपट म्हणजे काय, त्या काळचं पासबुकच. रोज एक ताम्रपट असा नेम कोणी केला असता तर यादवांचं राज्य अल्लाउद्दीनच्याही आधी तांब्याच्या बिलाने बुडालं असतं.

पासबुकाचं नाव निघालं ते एका परीने बरं झालं. मी ते टाळत होतो.

नवव्या दिवशी, म्हणजे २६ जुलैला, एक म्हातारी काउंटरवर आली. धरणापलीकडच्या गावची. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक.

"सायेब, येवढं पुस्तक भरून द्या."

आमचं पासबुक छापायचं मशीन बंद होतं. ते मशीन चालू असणं ही बातमी आणि बंद असणं ही रीत. मी म्हटलं, "मशीन बंद आहे, मावशी. पुढच्या बुधवारी या."

पुढच्या बुधवारी ती आली. मशीन बंद होतं. त्याच्या पुढच्या बुधवारी आली, तेव्हा मशीन चालू होतं पण रिबन संपली होती. मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, तेव्हा एवढ्या चकरा तिला परवडत असतील, असा हिशेब मी मनाशी केला. कॉमर्सचं शिक्षण असं कुठेही कामाला येतं.

त्या तिसऱ्या खेपेला ती जरा वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "मशीनला हात न्हाईत. तुमाला हायेत की. तुमी लिव्हा."

वाचकहो, खरं सांगतो, माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं असेल? आज तेविसावा दिवस, आणि आजचं पान मिळालं! मी तिला पुढच्या बुधवारी या म्हणालो, आणि तिची पाठ वळायच्या आत ते वाक्य विड्रॉल स्लिपच्या मागे लिहून घेतलं. जसंच्या तसं. बोलीसकट. पंधरा दिवस विषयाच्या शोधात वणवण फिरणाऱ्या माणसाला आयता नैवेद्य मिळाला होता. त्या महिन्यात माझं सगळ्या माणसांकडे असंच बघणं झालं होतं. शिपाई रडवेला होऊन आला की मला तो शिपाई दिसायचा नाही, निम्मं पान दिसायचं. हे रोज लिहायला सांगणारे लोक म्हणतात की त्याने निरीक्षणशक्ती वाढते. वाढते ना. बोक्याचीही वाढलेली असते.

रात्री पान वाचलं. मशीन आजारी, रिबन रजेवर, साहेबांना हात आहेत हा म्हातारीने लावलेला शोध, असं सगळं खुलवून. बायको वाती टाकून हसली. मुलीने मोबाइल उलटा ठेवला, हा आमच्या घरातला सर्वोच्च पुरस्कार आहे. आई तेवढी हसली नाही.

"मग दिलंस का लिहून?" ती म्हणाली.

"काय?"

"तिचं पुस्तक."

मी म्हटलं, "आई, तो विनोद आहे."

"हो का," आई म्हणाली आणि झोपायला गेली. तिचं मौन जेवणापुरतं होतं, ते त्या दिवशी दुसऱ्या जेवणापर्यंत लांबलं.

तरीही मी पुढची सात पानं लिहिली. नेम म्हणजे नेम. शेवटच्या दिवशी उद्यापन झालं, भाच्याचा अभिनंदनाचा फोन आला, हेडकॅशियरने शाखेत पेढे वाटले आणि पैसे मी दिले. "तीस दिवस! एकही खाडा नाही!" जो तो हेच म्हणाला. काय लिहिलं हे एकानेही विचारलं नाही. मॅनेजरसाहेबांनी तर माझं उदाहरण देऊन विम्याचं टार्गेट वाढवलं.

निज श्रावण लागला आणि त्या आठवड्यात म्हातारी चौथ्यांदा आली. मशीन बंद होतं. त्या दिवशी मला काही लिहायचं नव्हतं, म्हणजे रात्रीसाठी नव्हतं, त्यामुळे असेल, मी तिचं पासबुक हातात घेतलं, खातं उघडलं आणि पेनाने नोंदी लिहायला लागलो. हे कोणत्या परिपत्रकात बसतं ते मी शोधलं नाही. पंधरा-वीस वर्षांत हाताने पासबुक लिहिलं नव्हतं. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. जून महिन्यात निराधार योजनेचे दोन महिन्यांचे एकदम दोन हजार जमा. त्याखाली एकाच तारखेला, चार मिनिटांच्या अंतराने, हजार नावे आणि पुन्हा हजार नावे. दोन्ही अंगठ्यावर.

"मावशी, त्या दिवशी किती मिळाले हातात?"

"हजार. येकाच महिन्याचे आले म्हन्ला त्यो. पयल्यांदा अंगठा उमटला न्हाई, परत लाव म्हन्ला. म्हून तर पुस्तक भरून पायजे व्हतं."

ज्यांना गावाकडच्या अंगठ्याच्या यंत्रांचा अनुभव आहे त्यांना पुढचं सांगायला नको. न उमटलेला अंगठा पुष्कळदा उमटलेला असतो. आणि ते कळायला छापलेली किंवा लिहिलेली एक ओळ लागते, बाकी काही लागत नाही. ती ओळ चार आठवडे माझ्या बोटांत होती.

मी कोरा कागद ओढला आणि तिच्या नावाने अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, तारीख, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, मिळालेली रक्कम, न मिळालेली रक्कम. पाऊण पान. (ते हजार रुपये दिवाळीच्या आत खात्यावर परत आले, म्हणून हे छापायची हिंमत करतो आहे.) लिहून झाल्यावर तिला म्हटलं, अंगठा लावा.

"आधी वाचा," ती म्हणाली. अंगठ्याच्या बाबतीत ती आता सावध झाली होती.

मी वाचून दाखवलं. महिनाभर वाचून दाखवायची सवय होतीच. पण असं ऐकणारं त्या महिन्यात कोणी भेटलं नव्हतं. एकेका शब्दाला ती मान हलवत होती. संपल्यावर म्हणाली, "ह्यात मी चार येळा आले त्ये न्हाई लिव्हलं."

मी लिहिलं : अर्जदार यासाठी चार वेळा शाखेत आली.

"आन् तीन येळा परत लावलं."

तेही लिहिलं.

"कोनी लावलं त्ये?"

पेन जरा थांबलं. मागे रांगेत लोक उभे होते. हेडकॅशियर चष्म्यावरून बघत होते. मी काउंटर क्रमांक लिहिला, आणि तिने तेवढ्यावर समाधान मानलं नाही म्हणून कंसात हुद्दा लिहिला. मग तिने अंगठा लावला.

अर्ज आवक नोंदवहीत घ्यायचं काम त्या आठवड्यात माझ्याकडेच होतं. घेतला.